दार लोटून पाहिलेले सिनेमे

म्हैसुरात राहणाऱ्या काही मराठी माणसांनी शनिवार-रविवारी घरी बसून चित्रपट पाहिले आणि त्यांवर टिपणं लिहिली. ती या पुस्तिकेत एकत्र केली आहेत. विषयाचं बंधन एकच होतं : समलिंगी किंवा पारलिंगी माणूस त्या कथेच्या केंद्रस्थानी, निदान महत्त्वाच्या वळणावर तरी असला पाहिजे. लिहिणारे कुणी समीक्षक नाहीत. कुणी इन्फोसिसच्या प्रशिक्षण केंद्रात म्हणून आलं आणि इथलंच झालं, कुणी अन्नतंत्रज्ञान संस्थेत संशोधन करतं, कुणी भारतीय भाषा संस्थेत नोकरीला होतं. एक-दोघांची घराणी तर पिढ्यान्‌पिढ्या इथलीच. त्यांच्याकडे लाड मराठीत होतात आणि भांडणं कन्नडमध्ये. टिपणांखाली नावं नाहीत. काहींची नाव द्यायला हरकत नव्हती, काहींची होती. मग कुणाचंच द्यायचं नाही असं ठरलं, म्हणजे ज्याचं नाव गाळलं त्याच्याकडे बोट जायला नको.

चित्रपट चांगला की वाईट, याचा निकाल टिपणांनी आपापल्या परीने लावलाच आहे. या प्रस्तावनेत मला वेगळी गोष्ट मांडायची आहे. हे चित्रपट घरात पाहिले गेले, आणि त्यांतले बहुतेक घराबद्दलच आहेत. प्रेम कुणावर करावं हा प्रश्न त्यांत दुय्यम आहे. आईला काय सांगायचं, पाहुण्यांसमोर काय बोलायचं, वडील गेल्यावर भावकीत कसं बसायचं, भाड्याच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं तरी आपण सुरक्षित आहोत का, हे त्यांतले खरे प्रश्न आहेत.

हा प्रेक्षक दाराआड जाऊन का बसला, याला इतिहास आहे. कमलेश्वर यांच्या कादंबरीवरचा प्रेम कपूर यांचा 'बदनाम बस्ती' १९७१ चा. दोन पुरुषांमधल्या ओढीची गोष्ट हिंदी पडद्यावर इतक्या लवकर येऊन गेली होती, पण ती पाहिली थोड्यांनी आणि पुढे चित्रपटच बेपत्ता झाला. २०१९ मध्ये बर्लिनच्या एका चित्रसंग्रहात त्याची प्रत सापडली. दीपा मेहता यांचा दोन बायकांच्या प्रेमावरचा 'फायर' सेन्सॉरने काटछाट न करता सोडला होता. तरी डिसेंबर १९९८ मध्ये शिवसैनिकांनी मुंबईतल्या चित्रपटगृहात घुसून मोडतोड केली आणि खेळ बंद पाडले. श्रीधर रंगायन यांच्या 'गुलाबी आईना'ला तर २००३ मध्ये प्रमाणपत्रच मिळालं नाही. चित्रपटगृहात जाऊन, चार लोकांत बसून, मध्यंतरात वडा खात असा चित्रपट पाहायचा, ही चैन या प्रेक्षकाला फारशी कधी मिळालीच नाही. त्याच्या वाट्याला आधी हातोहात फिरणारी सीडी आली, मग पेन ड्राइव्ह, मग मोबाईल.

कायदाही त्याच्याशी लपंडाव खेळत होता. २००९ च्या जुलैत दिल्ली उच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ ची धार बोथट केली. २०१३ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने दोन सज्ञान माणसांमधलं संमतीचं नातं गुन्ह्याच्या यादीतून काढलं. त्यानंतर ओटीटीवाल्यांनी भराभर असे चित्रपट घेतले. मुंबईत २०१० पासून भरणारा 'कशिश' हा क्वीअर चित्रपट महोत्सव २०२० मध्ये टाळेबंदीमुळे ऑनलाइन भरला, तेव्हा मुंबईचं तिकीट न काढता तो घरबसल्या पाहता आला. त्याच वर्षी म्हैसूरचं जुनं शांतला चित्रपटगृह कायमचं बंद झालं. पडदा शहरातून निघाला आणि दिवाणखान्यात येऊन बसला.

पण दिवाणखाना काही कुणाच्या एकट्याचा नसतो. इथल्या एका टिपणात लिहिलंय ते अनेकांना ओळखीचं वाटेल. घरात एकच ओटीटी खातं, त्यावर सगळ्यांचं मिळून एकच प्रोफाइल. रात्री मुलाने हेडफोन लावून अर्धा चित्रपट पाहिला. सकाळी आजीने मालिका लावायला टीव्ही चालू केला, तर 'अर्धवट पाहिलेलं' या पट्टीत पहिल्याच चौकटीत दोन मुलगे एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून बसलेले. आजीने काही विचारलं नाही, मुलाने काही सांगितलं नाही. त्या दिवसापासून मात्र तो प्रत्येक चित्रपट शेवटपर्यंत पळवून मगच झोपायला लागला, म्हणजे ती चौकट उरत नाही. दुसऱ्या एका टिपणातली बाई रविवारची वाट बघते. रविवारी संध्याकाळी राजवाड्यावरचे जवळपास लाखभर दिवे लागतात. घरी आलेले पाहुणे, सासू-सासरे, मुलं अशी सगळी वरात ते बघायला जाते. तिला डोकेदुखीचं कारण कायमचं उपयोगी पडलं आहे.

घरी पाहण्याची सोय म्हणतात ती ही अशी आहे. तिच्यात मोकळीक आहे आणि लपणंही आहे.

पुस्तिकेतलं पहिलं टिपण 'ईव्हनिंग शॅडोज'वर आहे. भूगोलाच्या दृष्टीने हा आम्हांला सगळ्यांत जवळचा चित्रपट. त्याचे दिग्दर्शक श्रीधर रंगायन मूळचे मंड्याचे. त्यांनी तो म्हैसूरच्या शेजारी श्रीरंगपट्टणात चित्रित केला. २०१८ मध्ये तो महोत्सवांत फिरला, २०१९ च्या जानेवारीत चित्रपटगृहांत लागला आणि मग नेटफ्लिक्सवर आला. मुंबईत राहणारा कार्तिक घरी येतो. वडिलांनी त्याच्यासाठी मुलगी बघून ठेवलेली असते आणि तो आईला खरं काय ते सांगतो. आई वसुधा झाली आहे आपली मोना आंबेगावकर, आणि वडील अनंत महादेवन, म्हणजे 'मी सिंधुताई सपकाळ'चे दिग्दर्शक. चित्रपट मुलाच्या नावाने सुरू होतो आणि बघता बघता आईचा होतो. नवऱ्याच्या शब्दाबाहेर न गेलेल्या बाईवर दोन्ही बाजूंनी भार येतो : मुलाला समजून घ्यायचं आणि नवऱ्यालाही तोंड द्यायचं. टिपण लिहिणाऱ्याने एक नेमकी गोष्ट टिपली आहे. मुलगा सांगून मोकळा होतो, त्याला मुंबईला परत जायचं असतं; आई त्याच घरात, त्याच माणसासोबत राहणार असते. चित्रपटात कुठे कुठे उपदेशाचा सूर लागतो, हे खरं. पण असा प्रसंग घडल्यावर घरातल्या बाईचं काय होतं, हा प्रश्न तो सोडत नाही.

आता मराठीकडे वळू. आपल्याकडे हे सगळं नवं आहे, बाहेरून आलंय, असं म्हणणाऱ्यांनी आपलीच वही उघडून बघावी. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये रंगमंचावर आलं, त्यात रोहिणी हट्टंगडींनी मित्राची, म्हणजे मुलीवर प्रेम करणाऱ्या मुलीची, भूमिका केली. १९८२ च्या 'उंबरठा'त, जब्बार पटेलांनी शांता निसळ यांच्या 'बेघर'वरून केलेल्या चित्रपटात, महिलाश्रमातल्या दोन बायकांचं नातं येतं. ते येतं आश्रमाच्या अडचणींपैकी एक म्हणून, पण येतं. स्मिता पाटील यांची सुलभा घराबाहेर पडून ज्या संस्थेत जाते, तिथेही ज्यांना घर नाही अशा बायका आहेत, आणि त्यांतल्याही दोघींना आणखी एक दार बंद आहे, हे आज पुन्हा पाहताना लख्ख दिसतं.

त्यानंतरचा मराठी चित्रपटाचा एक हट्ट मात्र मजेशीर आहे. २००९ चा 'जोगवा' आणि २०१० च्या जानेवारीतला 'नटरंग' एकापाठोपाठ पाहा. राजीव पाटलांचा 'जोगवा' राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्यांवर आणि चारुता सागर यांच्या कथेवर उभा आहे. त्यात यल्लमाच्या नावाने ज्याला लुगडं नेसावं लागतं तो तायप्पा मनाने पुरुषच आहे. रवी जाधव यांच्या 'नटरंग'मधला गुणाही पैलवान. नाच्या होणं ही त्याने कलेसाठी पत्करलेली शिक्षा. दोन्ही चित्रपट ताकदीचे, उपेंद्र लिमये यांना 'जोगवा'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो योग्यच. पण दोन्हींत प्रेक्षकाची कणव कुणासाठी मागितली जाते ते बघा. खरा मर्द असून ज्याला बाईसारखं वागावं लागलं, त्याच्यासाठी. ज्याला लुगडं मनापासून हवं आहे, त्याची गोष्ट कडेलाच राहते. गंमत अशी की बालगंधर्वांच्या नुसत्या पदरावर जीव टाकणारा समाजही हाच, आणि २०११ मध्ये 'बालगंधर्व' चित्रपट डोक्यावर घेणाराही हाच. रंगमंचावर चालतं, गल्लीत चालत नाही.

सौंदत्तीची यल्लमा बेळगाव जिल्ह्यातली. दोन्ही भाषांची माणसं तिच्या डोंगरावर येतात, म्हणून 'जोगवा'च्या टिपणाला कन्नड जोड दिली आहे. २०२१ मध्ये पारलिंगी लोककलावंत मंजम्मा जोगती यांना पद्मश्री मिळाली. राष्ट्रपती भवनात पुरस्कार घेताना त्यांनी पदराचं टोक हातात धरून राष्ट्रपतींची दृष्ट काढली, ते दृश्य घराघरांत पोचलं. जोगतीचं आयुष्य म्हणजे नुसती शिक्षा नाही, त्यात नृत्य आहे, मान आहे, विनोद आहे आणि दुःखही आहे, हे त्या काही सेकंदांत जेवढं कळतं तेवढं आपल्या चित्रपटांत अजून आलेलं नाही. त्याच जोडीने बी. एस. लिंगदेवरू यांचा २०१५ चा कन्नड चित्रपट 'नानु अवनल्ल… अवळु' पाहावा. तो लिव्हिंग स्माइल विद्या यांच्या आत्मकथनावर आधारलेला आहे. शिकलेल्या, कविमनाच्या मुलाला आपण मुलगी आहोत हे उमगतं, आणि त्या उमगण्याची किंमत म्हणून त्याला घर सोडावं लागतं. संचारी विजय यांना यातल्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०२१ मध्ये अपघातात ते गेले. पारलिंगी बाईची भूमिका पुरुष नटाने का करावी, हा आक्षेप टिपणात घेतला आहे आणि तो रास्त आहे. पारलिंगी कार्यकर्त्या गौरी सावंत यांच्या आयुष्यावरच्या 'ताली' या वेबमालिकेलाही थोड्याफार फरकाने तोच लागू होतो.

अमोल पालेकरांचं काम या यादीत वेगळं उठून दिसतं. 'दायरा' (१९९६) मध्ये बाईचा वेश घेऊन जगणारा पुरुष आणि पुरुषाचा वेश घ्यावा लागलेली मुलगी एकत्र प्रवास करतात. 'थांग' (२००६) मध्ये नवऱ्याचं पुरुषाशी नातं आहे हे बायकोला समजतं. मृणाल कुलकर्णींची ती भूमिका आजही अंगावर येते. समलिंगी माणसाला ज्यांनी दटावून बोहल्यावर चढवलं, ते नामानिराळे राहतात आणि हिशेब चुकवते ती बायको. या विषयावरच्या चर्चेत तिची बाजू फार क्वचित घेतली जाते. 'बायोस्कोप'मधला रवी जाधव यांचा 'मित्रा' हा छोटा चित्रपटही सोडू नये. तेंडुलकरांच्या कथेवरचा, स्वातंत्र्याच्या सुमाराचा काळ, कृष्णधवल चित्रण. देशाला स्वातंत्र्य मिळतंय आणि एका मुलीला दुसऱ्या मुलीवर उघडपणे प्रेम करता येत नाही. ही विसंगती दिग्दर्शकाने कुठेही बोलून दाखवलेली नाही.

यादीतला सगळ्यांत जड चित्रपट 'अलीगढ'. तो मराठी माणसाचा आहे, हे बरेच मराठी प्रेक्षक विसरतात. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस नागपूरकडचे, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक, आणि कवी. फेब्रुवारी २०१० मध्ये ते एका पुरुषासोबत असताना कॅमेरा घेतलेली माणसं त्यांच्या राहत्या घरात घुसली. दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. विद्यापीठाने निलंबित केलं ते घुसणाऱ्यांना नाही, सिरसांना. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली आणि ७ एप्रिलला ते मृतावस्थेत सापडले. हंसल मेहतांनी त्यावर केलेला चित्रपट २०१६ मध्ये चित्रपटगृहांत लागला. त्यातलं एक दृश्य टिपणात सविस्तर आलंय. मनोज बाजपेयींचे सिरस एकटे खोलीत बसलेत. हातात पेला. 'अनपढ'मधलं लतादीदींचं गाणं लागलंय. कॅमेरा हलत नाही. ते डोळे मिटतात, सुरासोबत गुणगुणतात, हात हवेत जरासा उचलतात. कितीतरी वेळ एवढंच. खोलीत दुसरं कुणी नाही, चोरून पाहणारे फक्त आपण. दुसऱ्याच्या घरात आगंतुकासारखं शिरणं म्हणजे काय, हे दिग्दर्शक आपल्याला तिथे बसवून दाखवतो. माणसाला घर मिळणं म्हणजे चार भिंती मिळणं नाही, त्या भिंतींच्या आत त्याला निवांत गुणगुणता यायला हवं, एवढी साधी मागणी आहे ती.

आणि मग रोहन परशुराम कानवडे यांचा 'साबर बोंडं'. जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात त्याला जागतिक विभागातल्या कथापटांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो आपल्याकडे लागला. वडील वारल्यावर मुंबईचा आनंद आईसोबत गावी येतो. दहा दिवसांचं सुतक, त्याचे नियम, भेटायला येणारी भावकी, आणि प्रत्येकाच्या ओठावर एकच सवाल : लग्नाचं काय? गावात बाल्या आहे, लहानपणचा दोस्त, त्याच्याही मागे घरच्यांनी तोच लकडा लावलेला. बाल्या आनंदसाठी साबराची बोंडं आणतो. काटे काढून फळ दुसऱ्याच्या हातात ठेवणं, एवढ्यावर दिग्दर्शकाने प्रेमाचा प्रसंग उभा केला आहे. आरडाओरडा नाही, मारहाण नाही. आईला माहीत आहे, आणि तिने ते पचवलं आहे. आपल्याकडच्या चित्रपटांतली ही आई मला सर्वांत नवी वाटते. इतर चित्रपट 'सांगायचं कसं' इथे येऊन संपतात. हा तिथून पुढे सुरू होतो : घरात ठाऊक आहे, आता गावात, नात्यागोत्यात जगायचं कसं?

हा प्रश्न पडद्याबाहेरही उघडाच आहे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. कर्नाटकने २०२१ मध्ये सरकारी नोकऱ्यांत पारलिंगींसाठी एक टक्का जागा राखल्या, ही जमेची बाजू. म्हैसूरमध्येच लैंगिक व्यवसायातल्या बायका, पुरुष आणि पारलिंगी मिळून 'अशोदय समिती' चालवतात, आणि ती आपल्या माणसांच्या आरोग्याचा भार स्वतः उचलते. या शहरात ही माणसं आहेत. त्यांना बघायला आपण पडदा लावतो, ही आपली मर्यादा.

शेवटी पाहण्याच्या रीतीबद्दल दोन शब्द. दोन दिवसांत सगळी यादी संपवायचा अट्टहास नको. शनिवारी एक, रविवारी एक पुरे. 'अलीगढ' रात्री उशिरा लावू नका, झोप लागत नाही. 'ईव्हनिंग शॅडोज' आईबरोबर बघण्यासारखा, 'थांग' नवरा-बायकोने. ओटीटीवर वयाची खूण दिलेली असते. २०२१ च्या नियमांनी ती सक्तीची केली आहे. मुलं सोबत असतील तर ती वाचा, पण केवळ दोन मुली एकमेकींवर प्रेम करतात म्हणून रिमोटकडे धावू नका. ज्यांना हेडफोन लावूनच बघावं लागतं, त्यांनी तसंच बघावं. त्यात लाज काही नाही, सुरक्षितता आधी.

आणि एक कळकळीची विनंती. घरातल्या कुणाबद्दल शंका आहे, म्हणून यातला एखादा चित्रपट मुद्दाम लावून त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बसू नका. चित्रपट पाहून तुम्ही काय बोलता ते तो ऐकत असतो, आणि सांगायचं की नाही ते त्यावरून ठरवतो. तेव्हा विनोद आवरा, 'असले लोक' म्हणू नका, पात्राच्या आईबद्दल बोला, वडिलांच्या चुकीबद्दल बोला, आणि त्याला हवं तेव्हा बोलू द्या. पुस्तिका वाचून बाजूला ठेवण्यापेक्षा यातला एक चित्रपट येत्या रविवारी घरातल्या एका तरी माणसासोबत पाहा.